कुसैसचे ऑटम अंकल

सप्टेंबर उजाडला की आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि मुलं ओरडायची, "ऑटम इज हिअर!" लिफ्टचं दार उघडलं की आत ते उभे असायचे. मरून रंगाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्यात चौकटीचा मफलर, हातात जेवणाचा डबा. बाहेर तापमान बेचाळीस. त्यांना घाम येत नसे असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. भरपूर यायचा. रुमालाने कपाळ पुसत ते म्हणायचे, "घाम हा माझा खासगी प्रश्न आहे. ऋतू सगळ्यांचा असतो."

मुलं त्यांना ऑटम अंकल म्हणत. हळूहळू मोठ्यांनीही तेच नाव उचललं. ते मला हिशेबनीस म्हणत, आणि ते चुकीचं नव्हतं. जबल अलीतल्या एका मालवाहतुकीच्या कंपनीत मी अकाउंट्स बघतो. ते त्याच कंपनीत क्लिअरिंगला होते, म्हणजे बंदरात आलेले कंटेनर कस्टम्समधून सोडवून आणायचं काम. राहायला अल कुसैसला, आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्यावर तीन मजले. त्यामुळे जाणं-येणं माझ्या गाडीतून. पेट्रोल आणि टोल निम्मे-निम्मे. महिनाअखेरीस मी आकडा सांगायचो आणि ते न बघता पैसे द्यायचे. मी इतक्या काळजीने केलेला हिशेब हा माणूस एकदाही तपासत नाही, याचं मला थोडं वाईटच वाटायचं.

मूळचे वसईचे. बायको तिकडे शाळेत शिक्षिका, मुलं तिकडेच शिकून मोठी झालेली, म्हणून हे इथे एकटे. उंची पाच फूट दोन इंच. ते स्वतःच सांगत, आणि अर्धा इंचही वाढवून सांगत नसत. गाडीत रोज सकाळी बायकोचा फोन यायचा, तो ते स्पीकरवर घेत.

"स्वेटर घातलात का?"

"घातला."

"किती आहे तिकडे?"

"एक्केचाळीस."

"बरं. मफलर विसरू नका. इकडे पावसाने अंगण भरलंय."

या बाई थट्टा करत होत्या की काळजी, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. बहुधा त्यांच्यात तो फरकच उरला नसावा.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनीच मला एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना सांगितलं. युरोपातले हिवाळी कपडे इथल्या मॉलसाठी भर उन्हाळ्यात जबल अलीला उतरतात. एका वर्षी अशा कंटेनरला तपासणी लागली. कागदावर लिहिलं होतं बायकांचे लांब कोट. इन्स्पेक्टर म्हणाला, हे तर जॅकेट दिसतात, कागद चुकीचे आहेत. ऑगस्टमधली दुपार, तापलेला पत्रा, आत उभं राहवत नाही अशी धग. दुसऱ्या कुणी ऑफिसला फोन लावला असता. यांनी खोक्यातला एक कोट काढला, अंगात घातला, बटणं लावली आणि इन्स्पेक्टरसमोर उभे राहिले. कोट बुटांवर लोळत होता. इन्स्पेक्टर हसता हसता खोक्यावर बसला. "खलास, हबीबी! लांब कोट! लांबच कोट!" त्याने सही केली.

"पण हिशेबनीस, मला तो कोट काढवेना," ते म्हणाले. "आतलं अस्तर रेशमासारखं. इतकं चांगलं कापड माझ्या अंगावर आधी कधी बसलंच नव्हतं. बसलं कसलं, सांडलं होतं. तेव्हा ठरवलं, हे लोक ज्या ऋतूसाठी एवढी तयारी करतात, तो आपण पण साजरा करायचा."

"पण तो ऋतू इथे येतच नाही."

"आमच्या वसईत दोनच ऋतू, चिखल आणि धूळ. तिथे पण कधी आला नव्हता. मग इथे नाही आला तर काय बिघडलं? आपण बोलवायचा."

त्यांनी खरोखरच बोलावला. अल कुसैस नावाला दुबईत, पण शारजाला खेटून असलेलं एक गावच आहे. तोच बकालावाला, म्हणजे वाणी, तोच न्हावी, रस्त्यात ओळखीचीच माणसं. आमच्या जवळच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानांच्या काचा ज्या आठवड्यात बदलत, त्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी चक्कर मारत. गावात गणपतीची आरास बघत हिंडावं तसे एका काचेपुढून दुसऱ्या काचेपुढे जात, हात मागे बांधून. "या वर्षी विटकरी रंग आलाय," असं मला गाडीत सांगत. "कॉलर मोठी झाली. बायकांच्या पिशव्या मात्र लहान." मी बाजारभाव ऐकावेत तसं ऐकायचो.

स्वतःचा ओव्हरकोट त्यांनी मुलांच्या विभागातून घेतला होता, चौदा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. पुरुषांचा कोट अंगावर बसेना आणि हा निम्म्या किमतीत मिळाला. त्यांच्या सगळ्या शरद ऋतूत मला मनापासून पटलेली खरेदी ही एकच.

आपल्या दारासमोर ते पानं टाकायचे. खाकी पुठ्ठ्याची, हाताने कापलेली, थोडी पिवळी, थोडी लाल रंगवलेली. आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे राखणदार, पेशावरकडचा खान. तो ती रोज झाडून टाकायचा आणि हे रोज नवी टाकायचे. शेवटी खानाने त्यांना गाठलं.

"साब, ये कचरा आप रोज क्यों फेंकता है?"

"कचरा नहीं खान, पत्ता है. गिरता है."

"पेड़ किधर है?"

"इधर है," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

खान म्हणाला, "साब, हमारे गाँव में अखरोट का पत्ता गिरता है. लेकिन एक-एक करके गिरता है. आप पूरा पेड़ एक टाइम में गिरा देता है. ऐसा नहीं होता." संपूर्ण बिल्डिंगमध्ये खरी पानगळ पाहिलेला माणूस हा एकच होता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर पानं टाकायचं काम खानाकडे गेलं. तो पिशवी घेऊन यायचा आणि सकाळी दोन, संध्याकाळी तीन अशी पानं सोडायचा, तीही वरून, हेलकावे खात पडतील अशी.

लोक हसायचे, पण एका ठिकाणी त्यांच्यावर कुणी हसत नसे, ते म्हणजे ऑफिसात. आमच्या ऑफिसचा एसी कोण चालवतो हे कुणाला माहीत नाही, पण तो माणसाला गोठवण्यासाठीच चालवतो. मीटिंगमध्ये अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले सगळे जण हात काखेत घालून बसत आणि हे स्वेटर घालून आरामात कागद उलटत. तासाभराने त्यांचा मफलर आमच्या जनरल मॅनेजरच्या गळ्यात असे.

आता शाळेच्या कपड्यांचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

इथे जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी. घरंच्या घरं भारतात जातात आणि ऑगस्टच्या शेवटी परततात. मग एका आठवड्यात सगळ्यांना सगळं हवं असतं: बूट, दप्तर, पाण्याची बाटली, युनिफॉर्म. दुकानांच्या एका काचेत 'बॅक टू स्कूल' आणि दुसऱ्या काचेत लोकरीचे कोट, असा तो आठवडा. आमच्या बिल्डिंगमधली चार-पाच कुटुंबं एकाच शनिवारी खरेदीला निघत आणि अंकल, स्वतःचं एकही मूल बरोबर नसताना, सगळ्यांच्या पुढे.

कपडे घेण्याची आमची पद्धत सगळ्या मध्यमवर्गीयांची असते तीच. माप एक नंबर वाढीव घ्यायचं, खालची जास्तीची लांबी आत दुमडून शिवायची आणि मूल वाढेल तशी ती सोडत जायची. अंकलना हे अजिबात मान्य नव्हतं.

"हे पुढच्या वर्षीच्या मुलाचे कपडे झाले," ते म्हणायचे. "या वर्षीच्या मुलाने काय घालायचं?"

दुकानात ते प्रत्येक मुलाला कपडे घालून बाहेर बोलवत आणि कवायत करून घेत. "बस. ऊठ. हात वर कर, उत्तर येत असल्यासारखा. आता उत्तर येत नसल्यासारखा." मुलं खिदळत. एखाद्या मुलाने आरशात बघून तोंड वाकडं केलं तर ते तो शर्ट परत ठेवायला लावत, आईबाप काहीही म्हणोत. "त्याला वर्षभर आत राहायचंय, तुम्हाला नाही."

माझी मुलगी ईरा नववीत होती तेव्हाची गोष्ट. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं तेव्हा मी तिच्यासाठी दोन करड्या पँटी घेतल्या होत्या. आधीच्या तीन वर्षांत ती किती वाढली ते मला माहीत होतं, त्यावरून चार बोटं दुमड ठेवली. माझ्या हिशेबाने ती पुढच्या मार्चपर्यंत पुरायला हवी होती. अंकल तेव्हा म्हणाले होते, "हिशेबनीस, मुलगी आहे, फिक्स्ड डिपॉझिट नाही." मी लक्ष दिलं नाही.

सुट्टीत ईरा दोन महिने पुण्याला आजीकडे राहिली. परत आली तेव्हा विमानतळावर दारातून येणारी ती मला आधी ओळखूच आली नाही. घरी मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला पँट घालायला लावली आणि म्हणाली, "अगं बाई!" चारही बोटं सोडली तरी पँट घोट्याच्या वरच. शिवाय जुनी दुमड होती तिथे पट्टा. वरचं कापड धुऊन फिकट झालेलं, खालचं गडद. कुणालाही लांबून कळावं की ही पँट उसवून वाढवली आहे.

शाळेचा युनिफॉर्म एकाच दुकानात मिळतो. आम्ही शनिवारी सकाळी गेलो. काउंटरवरच्या माणसाने कपाटं उघडून दाखवली.

"मॅडम का साइज़ ख़तम. नया स्टॉक पंद्रह दिन में."

"नक्की?"

"इन्शाल्ला," तो म्हणाला, म्हणजे मी वीस दिवस धरले.

सोमवारी शाळा होती. ईराने शनिवारी दुपारी जेवताना जाहीर केलं, "आय ॲम नॉट गोइंग."

"सोमवारी नको जाऊस," मेधा म्हणाली. "दोन दिवसांनी जा. मी मॅडमना मेसेज करते."

"नॉट मंडे, आई. नॉट एव्हर. मी आजीकडे राहीन. आय आस्क्ड हर. शी सेड येस."

हे आम्हाला नवीन होतं. माझी आई नातीला नाही म्हणणार नाही हेही माहीत होतं. हळूहळू बाकीचं बाहेर आलं. एप्रिलपासून वर्गातली मुलं तिला उंचीवरून 'बुर्ज', म्हणजे मनोरा, म्हणत होती. ती वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. बास्केटबॉल सोडला होता, आणि आम्हाला वाटलं होतं अभ्यासासाठी सोडला. मी फोनमधले फोटो काढून बघितले. बिल्डिंगच्या मुलांबरोबरच्या प्रत्येक फोटोत ती मागे होती आणि गुडघ्यात वाकलेली होती. मी ते फोटो आधी कितीदा तरी पाहिले होते.

"नाऊ धिस," ती पँटकडे बोट दाखवून म्हणाली. "दे विल डाय लाफिंग, बाबा."

मी तिला समजावलं की तिकडची शाळा, इकडचा अभ्यासक्रम, वर्ष वाया जाईल. सगळं बरोबर होतं आणि काही उपयोग नव्हता. ती उठून खोलीत गेली. मेधा मला म्हणाली, "ती खरंच जाईल हो. तुमच्यावर गेलीय, ठरवलं की ठरवलं." आम्हाला एकच मुलगी. घरात जेवणाच्या टेबलाला तीन खुर्च्या आहेत.

संध्याकाळी अंकल चहाला आले. विणलेलं जाकीट घालून. मेधाने त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते खोलीच्या दारावर टकटक करून काहीतरी समजुतीचं बोलतील. त्यांनी चहा संपवला, बशी धुऊन ठेवली आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "ईराबाय, उद्या संध्याकाळी मोकळी आहेस का? मॉलच्या काचा बदलल्यात. मला उंचावरचं दिसत नाही. पुतळ्यांच्या डोक्यावरच्या टोप्या कशा आहेत ते सांगायला माणूस पाहिजे."

त्यांनी जाकिटाचं बटण लावलं.

"आइस्क्रीम माझ्याकडून."

"व्हॉट टाइम?" आतून आवाज आला.

रविवारी संध्याकाळी मी दोघांना घेऊन गेलो. ते पूर्ण वेशात: चौदा वर्षांच्या मुलाचा ओव्हरकोट, मफलर, डोक्यावर फेल्टची हॅट. पार्किंगमधून मॉलच्या दारापर्यंत जाईपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला. त्यांच्या कोटाच्या आत काय चाललं असेल याचा मी विचार केला नाही. आत तोबा गर्दी. प्रत्येक आईच्या हातात दप्तर, प्रत्येक बापाच्या हातात बिल. लोक वळून वळून अंकलकडे बघत होते आणि ते प्रत्येकाला हॅट किंचित उचलून दाखवत होते. ईरा त्यांच्यापासून चार पावलं मागे, खांदे पाडून, जीन्सच्या खिशात हात घालून चालत होती.

मोठ्या दुकानाच्या काचेपुढे ते थांबले. आत कागदी पिवळ्या पानांचा ढीग, त्यात सात-आठ पुतळे.

"टोप्या?"

"ब्राऊन. वन ग्रीन," ईरा म्हणाली.

"आता खाली बघ. यातल्या किती पँटी बुटांना टेकतात?"

ती बघू लागली. मीही बघू लागलो, कारण मोजायचं म्हटलं की माझ्याने राहवत नाही.

"नन," ती म्हणाली.

"नीट मोज. हिशेबनिसाची मुलगी तू."

"नन, अंकल. ऑल ॲंकल लेंग्थ. घोट्यापर्यंतच."

मला ते पटेना. मी आत गेलो आणि दुकानातल्या फिलिपिनो मुलीला विचारलं की या पँटी आखूड का आहेत, माप चुकलंय का. ती गोड हसून म्हणाली, "दॅट्स द स्टाइल, सर. धिस सीझन." किंमत एकशे एकोणनव्वद दिरहम. मी बाहेर येऊन सांगितलं, "साडेचार हजार रुपये! आणि कापड चार बोटं कमी!"

"बाबा, लोअर युअर व्हॉइस."

"हिशेबनीस," अंकल म्हणाले, "कमी कापडाचेच तर पैसे घेतात."

ईरा काचेजवळ गेली. पुतळे चौथऱ्यावर नव्हते, जमिनीवरच उभे होते, आणि ती आणि मधली पुतळी बरोबर एका उंचीच्या होत्या. काचेत दोघींचे चेहरे शेजारी शेजारी दिसत होते. अंकल कॉलरचं माप डोळ्यांनी घेण्यात गुंतले होते, किंवा तसं दाखवत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. "हे, बुर्ज! बुर्ज!"

आइस्क्रीमच्या काउंटरजवळ तिच्या वर्गातली चार मुलं होती. ईराचे खांदे लगेच आत गेले. मी काही करायच्या आत अंकल गर्रकन वळले, हॅट सरळ केली आणि त्यांच्याकडे चालत गेले.

"येस, बॉईज? हू इज कॉलिंग मी?"

मुलं गोंधळली. "नॉट यू, अंकल."

"नॉट मी? कुसैसमध्ये बुर्ज एकच आहे. आय ॲम द वन." टाचा उचलून ते जेवढे होता येईल तेवढे उंच झाले. तरी ते त्या मुलांच्या कपाळालाही येत नव्हते. "तिकीट काढलंत का? हॅटवर चढलात तर समुद्र दिसतो."

एक मुलगा फिस्सकन हसला, मग चौघेही. आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने, माझ्या शेजारून, ईरा. हा आवाज मी एप्रिलपासून ऐकला नव्हता.

"अंकल, आर यू नॉट फीलिंग हॉट?" एकाने विचारलं.

"ऑफ कोर्स आय ॲम. फॅशन आहे ही, एअर कंडिशनर नाही."

त्यांनी त्यांच्याबरोबर सेल्फी काढला. मग त्यातला सगळ्यात उंच मुलगा ईराला म्हणाला, "इज ही युअर अंकल? सो कूल, यार." ईराने अंकलकडे बघितलं. हॅटखालून घामाचे ओघळ मफलरमध्ये उतरत होते. "येस," ती म्हणाली. "ही इज अवर्स."

गाडीत मी आरशातून तिच्याकडे बघत होतो आणि मला काही कळत नव्हतं. घरी आल्यावर मेधाने विचारलं, "काय ठरलं?" मी मान हलवली. पुण्याच्या तिकिटाचे दर मी दुपारीच बघून ठेवले होते, ते तिला सांगितले नाहीत.

थोड्या वेळाने ईरा करडी पँट घेऊन बाहेर आली. पट्टा दिसत होता तिथे बोट ठेवून म्हणाली, "आई, हे पुन्हा दुमड. सगळं आत घे. आणि अजून थोडं वर."

"अगं, अजून आखूड होईल!"

"येस."

"पूर्ण दुमडायची?" मी विचारलं. "चार बोटं? मग ती सोडली कशाला?"

"बाबा, प्लीज."

मेधाने शिवली. ईराने इस्त्री केली. पट्टा आत गेला आणि पँट घोट्याच्या चांगली वर, सरळ, ठसठशीत थांबली. चूक वाटावी अशी ती आता कुठूनही दिसत नव्हती. तरी मला धाकधूक होती. रात्री ठरवलेलं सकाळी मोडतं, हे तिच्या वयाच्या मुलांचं मला माहीत आहे.

सोमवारी सकाळी ती डबा घेऊन खाली उतरली आणि तिच्या मागोमाग मी. खाली बसची वाट बघत बिल्डिंगची मुलं उभी होती, आणि त्यांच्यात अंकल. स्वेटर, मफलर, आणि ऑफिसची पँट घोट्यापर्यंत वर दुमडून स्टेपल केलेली. खाली गडद पिवळे मोजे.

"काय हे?" मी विचारलं.

"सीझन," ते म्हणाले. "ऑफिस आलं की पिना काढणार. कस्टम्सवाल्यांना फॅशन कळत नाही."

मुलं लोटपोट. ईराने त्यांच्या मोज्यांकडे बघून अंगठा वर केला. बस आली. तिने आम्हा दोघांकडे बघितलं, "यल्ला, बाय," म्हणाली आणि चढली.

त्या दिवशी माझ्या एका बेरजेत चूक झाली आणि मला ती दुपारी सापडली. तीन वाजता मेधाचा मेसेज आला: "आली. जेवतेय. भरपूर जेवतेय." मी उठून क्लिअरिंगच्या खोलीत गेलो आणि फोन अंकलपुढे धरला. त्यांनी वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "चहा सांगा." त्या दिवशी बिल मी दिलं, निम्मं-निम्मं न करता.

घरी आल्यावर मी ईराला विचारलं, "कुणी काही म्हणालं?"

"सम पीपल."

"मग तू काय म्हणालीस?"

"आय टोल्ड देम इट्स ऑटम."

यानंतर अंकल फार दिवस राहिले नाहीत. पुढच्याच उन्हाळ्यात निवृत्त होऊन वसईला गेले. तिथे भर सप्टेंबरच्या पावसात ते रेनकोटावर मफलर घालतात आणि फोनवरच्या त्या बाई त्यांना तो वाळवून देतात, असं ऐकतो. पण त्या सप्टेंबरात ते इथेच होते, आणि दुकानातून फोन आला तेव्हा गाडीत माझ्या शेजारीच बसले होते. ईराच्या मापाच्या पँटी आल्या होत्या. वीस दिवस बरोबर लागले, हे मी त्यांना सांगितलं. आम्ही तसेच जाऊन दोन घेतल्या. पायघोळ, नव्या, बुटांवर पडणाऱ्या. मला फार समाधान वाटलं.

ईराने घालून बघितली आणि म्हणाली, "टू लाँग."

"लाँग? हीच लांबी आपल्याला हवी होती!"

"बाबा, नोबडी वेअर्स इट लाइक धिस."

शेवटी ईरा, अंकल आणि मी असे तिघं बिल्डिंगमागच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेलो. दुकान एवढंसं. एका बाजूला मशीन, वर दोरीवर शिवून झालेले शर्ट ओळीने टांगलेले. अंकल स्टुलावर बसले आणि मफलर सैल केला. मी शिंप्याला बजावलं, "काटना नहीं. अंदर मोड़ना. बाद में खोल सकते हैं."

"वीस दिवस ज्या कापडाची वाट बघितली," अंकल म्हणाले, "ते आत घालायला आता पैसे देताय?"

"पंधरा दिरहम. साडेतीनशे रुपये," मी म्हणालो. मला आवाज चोरता येत नाही.

शिंपी खडू घेऊन तिच्या पायाशी बसला. ईरा मधोमध उभी राहायला आली तशी टांगलेल्या शर्टांच्या बाह्या तिच्या डोक्याला लागल्या. आम्ही बाकीचे त्यांच्याखालून आत आलो होतो. तिने वर बघितलं, एका हाताने ते सगळे शर्ट दोरीवरून बाजूला सरकवले आणि स्वतःपुरती जागा केली.

"बेटी, ज़रा सीधी..." शिंप्याने सवयीने म्हणायला सुरुवात केली. मग मान वर करून तिच्याकडे बघितलं, वाक्य तिथेच सोडलं आणि खडूने खूण केली.